भंगार दिवसा जातं, गाळ रात्री येतो : बारवी पट्ट्यातल्या गावांनी कारखान्यांच्या कचऱ्याचा हिशोब का मागायचा?

मुरबाड / बदलापूर : बारवी धरणाचं पाणी कुठे जातं हे आपल्या पट्ट्यात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. धरण एमआयडीसीचं. पाणी नदीने आपटीच्या बंधाऱ्याकडे येतं, तिथून उचललं जातं, जांभूळच्या केंद्रात शुद्ध होतं आणि पाइपातून कारखान्यांना व शहरांना मिळतं. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढली. २०१९ च्या पावसाळ्यात ते नव्या उंचीपर्यंत, म्हणजे ७२.६० मीटरपर्यंत पहिल्यांदा भरलं. साठा ३३८ दशलक्ष घनमीटरच्या घरात गेला. त्यासाठी आणखी जमीन, आणखी घरं पाण्याखाली गेली. प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्या आणि मोबदला यावर बरंच लिहून झालंय, पुढेही लिहावं लागेल.

आज विषय वेगळा आहे. कारखान्यात गेलेल्या पाण्याबरोबर बाहेर काय काय येतं, आणि ते जातं कुठे? त्यातही धातूचं काम करणारे कारखाने : लोखंड वितळवणारे, तार ओढणारे, पाइपाला जस्ताचा मुलामा देणारे, निकेल-क्रोमचं प्लेटिंग करणारे, अ‍ॅल्युमिनियम ओतणारे. अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड, तळोजा आणि शेजारच्या पालघर जिल्ह्यातलं वाडा, असा हा सगळा पट्टा आहे. हल्ली सरकारी कार्यक्रमात आणि कंपन्यांच्या जाहिरातीत "चक्राकार अर्थव्यवस्था" हा शब्द सारखा कानावर पडतो. म्हणजे काहीही टाकायचं नाही, सगळं फिरवून पुन्हा वापरायचं. ऐकायला चांगलं आहे आणि बऱ्याच अंशी खरंही आहे. पण हे चक्र जिथे तुटतं ती जागा कारखान्याच्या आवारात क्वचितच असते. बहुतेक वेळा ती एखाद्या गावाच्या हद्दीत, ओढ्याच्या पुलाजवळ नाहीतर कुणाच्या तरी माळावर असते. म्हणून हा विषय आपला आहे.

मोड द्यायची सवय आपली जुनीच

चक्राकार अर्थव्यवस्था आपल्याला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. तांब्या-पितळेचं फुटकं भांडं आपल्या घरात कधी फेकलं गेलं नाही. ते "मोड" म्हणून कासाराकडे द्यायचं, वजन करायचं आणि वर थोडे पैसे टाकून नवं भांडं आणायचं. भंगारवाला सायकलवर येऊन जुना पत्रा, नांगराचा फाळ, मोटारीची तार घेऊन जातो, ते हेच चक्र.

धातूचा गुण असा की तो कितीही वेळा वितळवला तरी धातूच राहतो. अ‍ॅल्युमिनियम खनिजापासून नव्याने बनवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण ५ टक्क्यांत भंगारापासून तोच धातू मिळतो. पोलादाचंही तसंच. केंद्र सरकारने २०१९ मध्ये पोलाद भंगाराचं धोरण आणलं. त्यात नमूद आहे की १ टन भंगार वापरलं तर १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. पाण्याचा वापरही सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. धरणाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने हा शेवटचा आकडा नीट वाचावा. भंगारातून धातू बनला तर पाणी वाचतं, आणि आपल्याकडे पाणी म्हणजे कुणाची तरी बुडालेली जमीन.

थोडक्यात, धातूचा पुनर्वापर ही गोष्ट चांगलीच आहे, त्याला विरोध करायचं काही कारण नाही. अडचण पुढे आहे. धातू फिरवताना त्यातून जो मळ, गाळ, राख आणि अ‍ॅसिड निघतं, त्याचं काय होतं?

कोणत्या कामातून काय निघतं

सगळा कचरा एका तराजूत तोलून चालत नाही. काही निरुपद्रवी, काही कामाचा, काही विषारी. फरक कळला तरच योग्य प्रश्न विचारता येतो.

स्लॅग : भट्टीत लोखंड वितळलं की वर जो दगडासारखा मळ येतो तो. थंड झाल्यावर खडीसारखा दिसतो. ब्लास्ट फर्नेसचा स्लॅग दळून सिमेंटमध्ये जातो. दुकानात "स्लॅग सिमेंट" म्हणून मिळतं ते हेच. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घराच्या भिंतीत आधीपासून कारखान्याचा कचरा आहे, आणि त्यात काही वावगं नाही.

स्केल : तापलेलं लोखंड रोलमधून काढताना काळ्या पापुद्र्या पडतात. त्यात लोखंडच असतं. पोलादाच्या आणि सिमेंटच्या कारखान्यांना ते हवं असतं.

जस्ताची राख : पाइप, पत्रे, विजेचे खांब यांना वितळलेल्या जस्तात बुडवतात. वर राख साचते, तळाला मळ बसतो. दोन्हींत भरपूर जस्त असतं.

वापरलेलं अ‍ॅसिड : जस्तात बुडवण्याआधी किंवा तार ओढण्याआधी लोखंडाचा गंज काढायला ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवतात. वापरून वापरून अ‍ॅसिड "मरतं", त्यात लोखंड विरघळलेलं असतं. ते ओतून टाकायची गरज नाही. त्यापासून फेरिक क्लोराइड बनतं, जे सांडपाण्यातला गाळ खाली बसवायला वापरतात. मोठ्या कारखान्यांत तापवून अ‍ॅसिड परत मिळवतात आणि लोखंडाचा गंज पावडर म्हणून वेगळा काढतात.

अ‍ॅल्युमिनियमचा ड्रॉस : अ‍ॅल्युमिनियम वितळवताना वर येणारी करडी राख. तिच्यात थोडा धातू शिल्लक असतो, तो काढून घेता येतो. उरलेल्यापासून तुरटी बनवता येते, भट्टीच्या विटांसाठीही ती वापरतात. पण हा ड्रॉस ओला झाला की गरम होतो आणि त्यातून अमोनिया व पेटणारा वायू निघतो. आपल्या भागातल्या पावसात तो उघड्यावर पडला तर काय होईल याचा विचार करा.

प्लेटिंगचा गाळ : नळाच्या तोट्या, गाडीचे भाग, कुलुपं यांना निकेल, क्रोम, जस्ताची चकाकी देतात. ते धुतलेलं पाणी प्रक्रिया केल्यावर हिरवा-करडा गाळ सोडतं. या यादीतला हा सगळ्यात अवघड कचरा. क्रोमियमचा एक प्रकार पाण्यात सहज विरघळतो, पाण्याला पिवळट रंग देतो आणि कर्करोगाला कारण ठरतो. निकेलचा गाळ वेगळा, तांब्याचा वेगळा ठेवला तर धातू परत काढता येतो. सगळं एका पिंपात ओतलं की त्याची किंमत शून्य होते आणि मग जमिनीत पुरण्याशिवाय मार्ग राहत नाही.

घरातला ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवायला आपल्याला सांगतात ना, तोच नियम इथे आहे. वेगळा ठेवला तर माल, एकत्र केला तर विष.

आपल्या गोणीत कारखान्याची राख

शेतकऱ्याला हे सगळं दूरचं वाटेल. पण भाताच्या खाचरात टाकायचं झिंक सल्फेट कशापासून बनतं? भाताला जस्त कमी पडलं की पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येतात, रोप खुरटतं. खैरा म्हणतात त्याला. मग कृषी सहायक झिंक सल्फेट टाकायला सांगतो. देशात हे झिंक सल्फेट मोठ्या प्रमाणावर जस्ताच्या राखेपासून आणि मळापासून बनतं. म्हणजे ज्या कारखान्यात विजेच्या खांबाला मुलामा दिला, तिथलीच राख गंधकाच्या अ‍ॅसिडमध्ये विरघळवून, गाळून, शुद्ध करून आपल्या शेतात आली.

यात वाईट काही नाही. चक्राकार अर्थव्यवस्थेचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. फक्त एक अट आहे : शुद्ध करण्याची पायरी गाळायची नाही. जस्ताच्या राखेत शिसं आणि कॅडमियम असू शकतं. म्हणून खत नियंत्रण आदेशात झिंक सल्फेटसाठी जस्त कमीत कमी २१ टक्के आणि शिसं जास्तीत जास्त ०.००३ टक्के अशी मर्यादा घातलेली आहे. पावती नसलेली, कंपनीचं नाव नसलेली, "स्वस्तात झिंक" म्हणून मिळणारी गोणी का घेऊ नये, त्याचं कारण हे आहे. भातात उतरलेलं कॅडमियम धुवून निघत नाही.

या एका गोणीत सगळा मुद्दा येतो. कचरा तोच. प्रक्रिया आणि कागद असेल तर खत, नसेल तर जमिनीत शिसं.

रस्त्यात स्लॅग : चांगलं उदाहरण शेजारच्या जिल्ह्यात

रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यात डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे. तिथला स्लॅग प्रक्रिया करून मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर भागात साधारण १ किलोमीटर रस्त्याला खडीऐवजी वापरला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने झालेल्या या कामाचं उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झालं. त्याआधी २०२२ मध्ये सुरतजवळ हजिरा इथे असाच रस्ता तयार झाला होता. डोंगर फोडून खडी काढायची त्याऐवजी कारखान्याच्या मागे पडलेला ढीग वापरला गेला. ज्या गावांनी खदानीचे सुरुंग आणि धूळ सोसली आहे, त्यांना याची किंमत सांगायला नको.

पण "प्रक्रिया करून" हे दोन शब्द महत्त्वाचे. ताज्या पोलादी स्लॅगमध्ये न विरलेला चुना असतो. पाणी लागलं की तो फुगतो. म्हणून तो आधी पाणी मारून, हवेवर ठेवून जुना करावा लागतो, त्यातलं लोखंड काढावं लागतं, चाळून तपासावा लागतो. भट्टीतून निघालेला स्लॅग तसाच डंपरने आणून कुणी घराच्या जोत्यात भरला, तर दोन-तीन पावसाळ्यांनी फरशी उचलली जाऊ शकते, भिंतीला तडे जाऊ शकतात.

कोल्हापूरचंही उदाहरण घेण्यासारखं आहे. तिथे ओतकामाचे, म्हणजे फाउंड्रीचे शेकडो छोटे उद्योग आहेत. साच्याची वाळू वापरली की टाकायची, ही पद्धत त्यांना परवडेना. एकट्याला यंत्र परवडत नाही म्हणून उद्योजक एकत्र आले आणि वाळू पुन्हा वापरण्याजोगी करण्याची सामायिक सोय उभी केली. छोट्यांनी एकत्र यायचं, हा धडा अंबरनाथ-बदलापूरसाठी जास्त कामाचा आहे.

मग चक्र तुटतं कुठे?

सरळ हिशोब आहे. कारखान्यातून निघणाऱ्या मालाचे दोन भाग करा. एक, ज्याचे पैसे मिळतात : लोखंडाचं भंगार, तांब्याची तार, पितळेचा कीस, जस्ताची राख. दुसरा, ज्याचे पैसे द्यावे लागतात : प्लेटिंगचा गाळ, मेलेलं अ‍ॅसिड, धातू काढून घेतलेला ड्रॉस, तेलकट चिखल. पैसे मिळतात तो माल दिवसा जातो, काट्यावर वजन होऊन, बिल फाडून. पैसे द्यावे लागतात तो माल रात्री जातो.

सगळेच कारखाने असं करतात असं नाही. बरेच जण नियमाने घातक कचरा तळोजाच्या केंद्रात पाठवतात. राज्यात अशी सामायिक केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत. पण तिथे पाठवायचं म्हणजे वाहतूक, तपासणी आणि विल्हेवाट या सगळ्याचे पैसे. छोट्या शेडमध्ये आठ-दहा कामगारांवर चालणाऱ्या प्लेटिंगवाल्याकडे महिन्याला चार-पाच पिंपं गाळ निघतो. एवढ्याशा मालासाठी अधिकृत गाडी बोलावणं त्याला महाग पडतं. तेवढ्यात कुणीतरी भेटतो, म्हणतो, "शेठ, निम्म्या पैशात उचलतो, कुठे जातं ते विचारू नका." इथे चक्र तुटतं.

दुसरी अडचण बाजारभावाची. मेलेलं अ‍ॅसिड विकत घेणारा आज आहे, उद्या नाही. फेरिक क्लोराइडचा भाव पडला की तो उचल थांबवतो. इकडे टाक्या भरत जातात. नियमाप्रमाणे घातक कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. उत्पादन तर थांबवायचं नाही. मग पावसाची वाट बघितली जाते. मुसळधार पावसात नाल्याला पूर असताना काय सोडलं ते कुणाला कळत नाही. पाऊस सुरू झाला की ओढ्याला फेस का येतो आणि मासे वर का येतात, याचं उत्तर शोधताना ही शक्यताही तपासली पाहिजे. अ‍ॅसिडचं पाणी कधी कधी स्वच्छ दिसतं, म्हणून फसायला होतं. काही दिवसांनी दगडांवर गंजाचा तांबडा थर बसतो, तेव्हा लक्षात येतं.

वालधुनीने दिलेला धडा

अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठावर आहे, त्या नदीकडे आज कुणी नदी म्हणून बघत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रसायन ओतलं गेलं. विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने दवाखान्यात न्यावं लागलं. लोक घरात होते, झोपेत होते. कंपनीत अपघात झाला नव्हता, एक टँकर रिकामा झाला होता, एवढंच.

वनशक्ती या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि पालिकांना कोट्यवधी रुपयांचा दंड सुनावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. उल्हास नदीवर लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याच्या योजना आहेत, त्यामुळे या प्रकरणाला वजन आलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शहरात वायू पसरला की बातमी होते, लवाद बसतो, कॅमेरे येतात. शहरात पहारा वाढला की टँकर थोडा पुढे सरकतो. पुढे म्हणजे कुठे? मुरबाड रस्त्याच्या आतल्या वाटा, माळरानं, बंद पडलेल्या दगडखाणी, वीटभट्ट्यांचे खड्डे. गावात रात्री अकरानंतर कोणती गाडी आली याची नोंद कुणी ठेवत नाही.

फुकटचा भराव महाग पडतो

गावात जमिनीला भराव लागतो. कुणाला शेतापर्यंत रस्ता हवा, कुणाला ढाब्याची जागा सपाट करायची असते. मुरुमाचा डंपर महाग. अशा वेळी कुणी म्हणतो, "कंपनीचं मटेरियल आहे, फुकट टाकतो, वर डंपरमागे पैसे पण देतो." अनेकजण हो म्हणतात. गरज असते, आणि माल काळ्या-करड्या मातीसारखा दिसतो.

त्यात फाउंड्रीची वाळू असेल, प्रक्रिया केलेला स्लॅग असेल तर फार बिघडत नाही. पण त्यात ड्रॉस असेल तर पहिल्या पावसात उग्र वास येईल, ढिगातून वाफ निघेल. प्लेटिंगचा गाळ असेल तर काहीच दिसणार नाही, वास येणार नाही, आणि दोन-चार वर्षांनी खालच्या बाजूच्या विहिरीत क्रोमियम उतरेल. विहीर कुणाची? बहुतेक वेळा भराव घेणाऱ्याची नसतेच, उताराला असलेल्या शेजाऱ्याची किंवा आदिवासी वाडीची असते.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे पर्यावरणाचं किंवा तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं तर ज्याच्याकडे कचरा तयार झाला तो आणि विल्हेवाट केंद्र चालवणारा जबाबदार धरला जातो. पण त्यासाठी कचरा कुणाचा हे सिद्ध करावं लागतं. कागद नसेल तर टँकरवाला पळतो, कंपनी हात वर करते आणि पंचनाम्यात उरतो तो सातबारावर नाव असलेला शेतकरी.

नवा नियम आला, त्यात आपल्यासाठी काय?

१ एप्रिल २०२६ ही तारीख लक्षात ठेवा. केंद्राने २०२५ मध्ये घातक कचरा नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार या तारखेपासून अ‍ॅल्युमिनियम, तांबं, जस्त आणि त्यांच्या मिश्रधातूंच्या वस्तू बनवणाऱ्यांवर भंगार परत फिरवण्याची जबाबदारी येते. २०२६-२७ साठी उद्दिष्ट १० टक्के आहे आणि ते वाढत जाऊन २०३२-३३ मध्ये ७५ टक्क्यांवर पोचणार आहे. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडून प्रमाणपत्र घेऊन हे उद्दिष्ट पूर्ण करता येतं.

देशासाठी हे चांगलं पाऊल आहे. पण आपल्या पट्ट्यात याचा अर्थ काय होतो तो समजून घ्या. भंगार वितळवण्याचा धंदा वाढणार. भट्ट्या वाढणार. त्या शहरात निघणार नाहीत, कारण तिथे जागा महाग आणि तक्रारी जास्त. निघतील त्या गावांच्या बाजूला, बिनशेती झालेल्या तुकड्यांवर. अ‍ॅल्युमिनियम जास्त वितळलं की ड्रॉसही जास्त निघणार. तांबं जास्त गोळा झालं की तारेचं प्लास्टिक जाळणारेही वाढणार, रात्रीचा तो काळा, घशाला खाजवणारा धूर अजून वाढणार. प्रमाणपत्रात किती धातू फिरवला ते मोजलं जातं. तो फिरवताना निघालेली राख कुठे गेली, यावर गावानेच डोळा ठेवला पाहिजे.

पाण्याचं बिल आणि कचऱ्याची वही

माझ्या मते उपाय फार अवघड नाहीत. एक म्हणजे एमआयडीसीकडे एक मोठं हत्यार आहे आणि ते आपल्याच बारवीचं पाणी आहे. प्रत्येक कारखान्याचं पाणी मीटरवर मोजलं जातं. कारखान्याने किती पाणी वापरायचं आणि किती कचरा काढायचा, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात लिहिलेलं असतं. ३० जूनपर्यंत कारखान्याला घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण मंडळाला द्यावं लागतं. आता पाण्याचं बिल आणि कचऱ्याची वही समोरासमोर ठेवा. ज्या प्लेटिंगवाल्याने वर्षभर भरपूर पाणी वापरलं आणि गाळ मात्र दोन पिंपं दाखवला, त्याच्याकडे आधी जाऊन तपासा. दूध डेअरीला घालणाऱ्याला विचारा, पेंड किती लागली यावरून दूध किती निघालं याचा अंदाज तो बसल्या जागी सांगेल. इथेही तसंच आहे.

दुसरं, छोट्या युनिटांसाठी सामायिक उचल. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी एकत्र येऊन केलं तसं अंबरनाथ-बदलापूरच्या प्लेटिंग आणि अ‍ॅसिड वापरणाऱ्यांसाठी ठरलेल्या दिवशी गाडी फिरली पाहिजे. गाळ जागेवरच वेगवेगळा घेतला पाहिजे. कायदेशीर मार्ग स्वस्त आणि सोपा झाला की रात्रीचा मार्ग आपोआप ओस पडतो. नुसत्या दंडाने ते होत नाही.

गावाने काय विचारायचं, काय करायचं

१. भराव घेण्याआधी माल कोणत्या कारखान्याचा ते लेखी घ्या. कारखान्याचं नाव, गाडीचा नंबर, माल कसला आणि तपासणी अहवाल. "कंपनीचं मटेरियल" एवढं उत्तर पुरेसं नाही.

२. घातक कचऱ्याच्या गाडीबरोबर "फॉर्म १०" असावाच लागतो. त्याच्या सात प्रती निघतात. कचरा कुठून निघाला, कोण नेतोय, कुठे पोचणार, सगळं त्यात असतं. पोचण्याच्या ठिकाणी तुमच्या गावाचं नाव नसेल तर गाडी तुमच्या गावात कशाला?

३. घातक कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्याने गेटबाहेर फलकावर आपल्या कचऱ्याची माहिती लावायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा आदेश आहे. येता-जाता फलक बघा. नसेल तर फोटो काढून तक्रार करा.

४. संशयास्पद टँकर किंवा ढीग दिसला तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, वास घेऊ नका. वाऱ्याच्या उलट बाजूला, म्हणजे वारा आपल्याकडून ढिगाकडे जाईल असं उभं राहून, लोकेशन चालू ठेवून फोटो घ्या. गाडीचा नंबर दिसला पाहिजे. वायूचा त्रास असेल तर आधी ११२ लावा. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

५. पाण्याचा नमुना स्वतः बाटलीत भरून ठेवला तर तो पुरावा म्हणून टिकेलच असं नाही. मंडळाच्या अधिकाऱ्यासमोर पंचनामा करून नमुना घ्यायला लावा. वेळ लागला तरी हाच मार्ग.

६. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे प्रदूषण मंडळाची संमती नव्हे. नवीन भट्टी येत असेल तर संमतिपत्राची प्रत मागा. त्यात ड्रॉस, राख, गाळ कुठे जाणार ते लिहिलेलं असतं. मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच संमतिपत्रं मोबाइलवर उघडतात. तिथे नसेल तर माहितीच्या अधिकारात मिळतं.

कारखाने बंद करा, असं म्हणायचा हेतू नाही. आपल्या घरातली पोरं तिथेच कामाला जातात, आणि अ‍ॅसिडच्या टाकीजवळ हातमोज्याशिवाय उभं राहणाराही आपलाच पोरगा असतो. त्याच्यासाठीही हा हिशोब व्हायला हवा. धातू फिरला पाहिजे, राखेचं खत झालं पाहिजे, स्लॅगचा रस्ता झाला पाहिजे. पण जे फिरवता येत नाही ते तळोजाला पोचलं पाहिजे, आपल्या ओढ्यात येता कामा नये.

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या तारखांना ग्रामसभा असते. येणाऱ्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर एक ओळ घालायला लावा : "गावाच्या हद्दीत बाहेरचा भराव व औद्योगिक कचरा टाकण्याबाबत." ठराव करा की ग्रामपंचायतीत कागद दाखवल्याशिवाय एकही डंपर रिकामा होणार नाही. ठरावाची प्रत मंडळाला, तहसीलदारांना आणि एमआयडीसीला पाठवा. शेजारच्या दोन-चार गावांनीही तोच ठराव केला तर उत्तमच. कारण ओढा एका गावाच्या हद्दीत थांबत नाही.